मेजरनी वेळेवर थोपटलं होतं

हे मी आजवर एक जण सोडून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. हवालदार दामोदर गायकवाड यांना कुंभिवलीपासून चौक गावापर्यंत सगळे मेजर म्हणत. त्यांचा उजवा खांदा सरावात माझ्या हातून निखळला, एवढं आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. तो अपघात होता असं सगळे मानतात. खाली सापडलेल्या माणसानं 'सोड' म्हणून हातानं थोपटलं नाही, म्हणून वरच्याला कळलं नाही, अशी ती हकिकत सांगितली जाते. मेजरनी थोपटलं होतं. माझ्या डाव्या बरगडीवर, दोनदा, स्पष्ट. मला ते कळलं होतं आणि तरीही मी त्यांचा हात सोडला नाही.

मेजरना जाऊन महिना होऊन गेला. ते गेले त्या दिवशी सकाळी चौकला माझ्या टायरच्या दुकानात एका टेंपोचं चाक बसवत होतो तेव्हा निलेशचा फोन आला. निलेश म्हणजे मेजरांच्या शेडमध्ये आता पोरांचा सराव घेणारा मुलगा. "रफीकभाई, मेजर गेले. आंघोळीचं पाणी काढायला उठले अन् तिथंच खाली बसले." मी विचारलं, दवाखान्यात नेलं का. "नाय ओ. वेळच नाय दिला त्यांनी." मी फोन खिशात ठेवला आणि चाक बसवून टाकलं. टेंपोवाला खाली वाकून बघत म्हणाला, "शेठ, दोन नट खाली पडलेत, ते कुणाचे?" दुकान उघडं टाकून मी कुंभिवलीला गेलो. तिरडी उचलायच्या वेळी कुणीतरी म्हणालं, "रफीकभाईंना पुढं येऊ द्या रं, ते सगळ्यात जुने." मी पुढे झालो. मागे राहायला हवं होतं, पण तेव्हाही बोलायची हिंमत नव्हती…

मेजर फौजेतून निवृत्त होऊन गावी आले तेव्हा मी अठरा-एकोणीस वर्षांचा असेन. खोपोलीजवळच्या शिळफाट्याला मामाच्या दुकानात बसायचो आणि फौजेत जायची स्वप्नं बघायचो. मेजरनी हायवेच्या आत, बंद पडलेल्या भातगिरणीची शेड मागून घेतली होती. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भाताचा पेंढा ठासून भरायचा, गोण्या एकमेकींना शिवायच्या आणि वर ताडपत्री ताणून बांधायची, ही आमची मॅट. भरतीला जाणारी पोरं आठवडाभर त्यांच्याकडे धावायची, पुलअप काढायची. रविवारी मात्र ते जमिनीवरची लढत शिकवत. दोघं खाली पडल्यावर काय करायचं, वरचा कसा धरतो, खालचा कसा सुटतो. मी एकदा म्हणालो, "मेजर, भरतीला हे कुठं विचारतात?" ते म्हणाले, "भरतीला नाय विचारत. भरती झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत विचारतात. मी लढाईत मोडलेली माणसं थोडी बघितली, सरावात मोडलेली लई बघितली. जवान पोरं, आपल्याच जोडीदाराच्या हातनं मोडलेली. घरी पाठवलेली."

त्यांच्या शेडमध्ये काही रीती होत्या, त्या मला पुढे फौजेतही कुठे दिसल्या नाहीत. मॅटवर पाय ठेवण्याआधी नखं, अंगठ्या, कमरेचा करगोटा, गळ्यातला दोरा, सगळं तपासलं जायचं. माझ्या दंडावर आईनं बांधलेला ताईत होता. मेजरनी तो स्वतःच्या हातानं सोडला, धुतलेल्या रुमालात गुंडाळला आणि सराव होईपर्यंत आपल्या शर्टाच्या खिशात ठेवला. "अल्लाला सांग, तासभर मी सांभाळतो." मग जोडीदारासमोर उभं राहायचं आणि विचारायचं, "कुठं दुखतंय?" समोरच्यानं खरं सांगायचं. गुडघा, मान, बोट, जे असेल ते. विचारणाऱ्यानं त्या जागी तळहात ठेवायचा, म्हणजे हातालाच लक्षात राहतं. आणि जो वयानं, ताकदीनं मोठा, त्यानं आधी खाली झोपायचं, पकडीत सापडायचं आणि सगळ्यांसमोर थोपटायचं. दोनदा थोपटलं की वरच्यानं त्याच क्षणी सोडायचं, पुढं काही विचारायचं नाही. मेजर दर रविवारी सर्वांत आधी स्वतः खाली झोपत. आमच्यातला सगळ्यात किरकोळ पोरगा त्यांच्या छातीवर बसे, त्यांचा हात पिळे, आणि बावन्न इंच छातीचा तो माणूस ताडपत्रीवर पडल्या पडल्या त्या पोराच्या पाठीवर दोनदा थोपटे. पोरं हसत. मेजर म्हणत, "हसा. मी थोपटलं, मला लाज नाय वाटली. मंग तुमाला कशाची रं वाटते?"

मी भरती झालो. चार-पाच वर्षांनी निःशस्त्र लढतीचा एक लांबलचक कोर्स करून सुट्टीवर आलो. त्या कोर्समध्ये मी वरच्या नंबरात होतो आणि ते माझ्या चालण्यातही उतरलं होतं. शनिवारी संध्याकाळी चौकच्या धाब्यावर मेजर भेटले. बरोबर शेडमधली सात-आठ पोरं. मी काय काय शिकलो ते सांगत होतो आणि जरा जास्तच सांगत होतो. कुणाला कसं सेकंदात झोपवलं, कुणाचा हात कसा वळवला. मेजर भजी खात ऐकत होते. मग म्हणाले, "धरायला चांगलं शिकवलंय. सोडायला शिकवलं का नाय?" पोरं खो खो हसली. एक जण म्हणाला, "रफीकभाई, तो भाग पुढच्या कोर्सला असंल." मीही हसलो. घरी जाईपर्यंत ते माझ्या डोक्यात गरगरत होतं. इतक्या साध्या थट्टेनं इतकं लागावं, याची मला आज लाज वाटते. त्या दिवशी वाटत नव्हती.

रविवारी सकाळी शेडमध्ये पंधरा-वीस पोरं भिंतीला टेकून बसली होती. मेजर म्हणाले, आज माझा जोडीदार रफीक. मला विचारलं, "कुठं दुखतंय?" मी म्हणालो, कुठंच नाही. मग मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "उजवा खांदा जरा धरलाय." मी त्या खांद्यावर तळहात ठेवला. मी तो ठेवला होता, म्हणजे मला माहीत होतं. ते खाली झोपले. मी त्यांच्या छातीवर आडवा पडलो, त्यांचं उजवं मनगट धरलं, कोपर दुमडलं आणि हात पाठीकडे फिरवायला लागलो. सरावात ही पकड शेवटपर्यंत न्यायचीच नसते. ताण आला की थांबायचं आणि थोपटण्याची वाट बघायची. मी थांबलो नाही. मेजर पुटपुटले, "हळू रं." मग त्यांचा डावा हात, पोरांना दिसणार नाही असा माझ्या अंगाआड, बरगडीवर आला. दोनदा. मला ते कळलं. मनात आलेलं वाक्यही मला आठवतं: अजून जरा, पोरांना दिसू दे. एक श्वास असेल तो, फार तर. ओली फांदी पिळावी तसा आवाज झाला आणि माझ्या हातातला त्यांचा हात एकदम हलका झाला.

मेजर ओरडले नाहीत. उठून बसले, डाव्या हातानं उजवा हात पोटाशी धरला. चेहरा राखेसारखा झाला होता. सगळी पोरं उभी राहिली होती. तेव्हा त्यांनी दम घेत घेत जे सांगितलं ते मी शब्दाशब्दानं सांगू शकतो. "बसा खाली. घाबरायचं नाय. माझ्याकडनं उशीर झाला… चूक माझी हाय, रफीकची नाय." मला वाटलं ते मला वाचवताहेत. खोपोलीला दवाखान्यात नेताना टेंपोच्या हौद्यात आम्ही दोघंच मागे होतो. मी त्यांच्या पाठीला हात लावून बसलो होतो. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला त्यांचे दात एकमेकांवर घासलेले ऐकू येत होते. शिळफाट्याच्या अलीकडे त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "रफीक, मी थोपटलं व्हतं रं. तुला कळलं नाय का?"

त्यात आरोप नव्हता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. त्यांचा एवढाच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं. मी म्हणालो, "नाही मेजर. नाही कळलं."

त्यांनी मान पुन्हा पुढे वळवली. मग स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले, "मंग हळू थोपटलं असंल मी."

खांद्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली, पण हात परत कधी खांद्याच्या वर गेला नाही. मी सुट्टी संपवून युनिटला गेलो. नंतर गावी आलो की कळायचं, मेजरनी शेडमधले नियम बदललेत. आता दोनदा नाही, तीनदा थोपटायचं, जोरात, आवाज आला पाहिजे. हात अडकला असेल तर पायानं मॅट आपटायची. शिवाय तोंडानं "सोड" म्हणायचं. पोरं कुरकुरायची तर ते म्हणत, "मी हळू थोपटलं म्हणून काय झालं ते बघा," आणि शर्टातून तो वाकडा खांदा दाखवत. माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी आपली सगळी शिकवण नव्यानं मांडली होती. आणि पोरं काय शिकली? पोरांनी गोष्ट आपल्याला हवी तशी करून घेतली. आधी ती होती, मेजरनी हळू थोपटलं. मग झाली, उशिरा थोपटलं. काही वर्षांत झाली, मेजरनी थोपटलंच नाही, खांदा गेला तरी माणूस नमला नाही. मेजर हजारदा सांगत, तसं नव्हतं रं बाबांनो. पोरांना वाटे, हा मोठ्या माणसाचा विनय आहे. खरं काय ते सांगू शकणारा दुसरा एकच माणूस होता.

फौजेतून सुटून मी चौकला दुकान टाकलं तेव्हा मेजर स्वतः आले. "माझा हात आता दाखवायच्या कामाचा नाय. रविवारी येत जा." मी पाच-सहा वर्षं जात राहिलो. त्याच काळात निलेश आला. कर्जतच्या बाजूचा, शेतमजुराचा मुलगा, अंगानं काटक, धावण्यात सगळ्यांच्या पुढे. भरतीची लेखी आणि मैदानी दोन्ही पार करून मेडिकलची वाट बघत होता. एका रविवारी जोडीदारानं त्याचं कोपर सरळ ताणून धरलं. मी बाजूलाच उभा होतो. निलेशचा चेहरा लाल झाला होता, डोळे मिटलेले, दुसरा हात मोकळा होता आणि तो हात त्यानं मुठीत आवळून मॅटवर ठेवला होता. मी "सोड" म्हणून ओरडलो, जोडीदारानं लगेच सोडलंही, पण तोवर कोपर गेलं होतं.

दवाखान्यात मेजर आणि मी त्याच्या खाटेशी उभे होतो. हाताला प्लास्टर, मेडिकल गेलं हे त्याला कळलेलं. मेजरनी विचारलं, "हात मोकळा व्हता तुझा. का नाय थोपटलंस?" निलेश छताकडे बघत म्हणाला, "तुमी तरी कुठं थोपटलं व्हतं, मेजर?" मेजर खाटेच्या कडेवर बसले. मी त्यांना इतकं थकलेलं कधी बघितलं नव्हतं. "थोपटलं व्हतं रं पोरा. हळू थोपटलं असंल, पण थोपटलं व्हतं. ह्या रफीकला विचार." आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं.

त्या खोलीत पंखा फिरत होता. बाजूच्या खाटेवरचा म्हातारा खोकत होता. मी काय बोलायचं ते माझ्या घशापर्यंत आलं होतं, हे मी शपथेवर सांगतो, आणि त्या शपथेला काही किंमत नाही, हेही मला कळतं. मी म्हणालो, "मला तर जाणवलं नव्हतं." निलेश हसला. मेजर उठले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "चल, त्याला झोपू दे." पुढच्या रविवारपासून मी शेडमध्ये गेलो नाही. दुकानाचं काम वाढलंय, असं सांगितलं. मेजर कधी रागावले नाहीत. हायवेवरून जाताना दुकानासमोर मोटरसायकल थांबवायला लावत आणि मागे बसल्या बसल्याच विचारत, "कुठं दुखतंय?" मी म्हणायचो, कुठंच नाही मेजर.

त्यांच्या जलदान विधीला मांडवात बरीच माणसं होती. वंदना झाली, मग दोन-चार जण बोलायला उठले. निलेश बोलला. हल्ली तो कुंभिवलीच्या एका कारखान्यात गाडी चालवतो आणि रविवारी शेड सांभाळतो. नव्या पोरांचा जीव आहे त्याच्यावर. त्यानं चांगलं बोलायचं म्हणूनच सांगितलं, की आमच्या मेजरनी खांदा जाऊ दिला पण थोपटलं नाही, आम्ही त्यांची पोरं, आम्हीही नमणार नाही. पुढच्या सतरंजीवर शेडमधली पंधरा-सोळा वर्षांची पोरं बसली होती. ती मान हलवत होती. ज्या माणसानं आयुष्यभर पोरांना थोपटायला शिकवलं, त्याच्या फोटोसमोर त्याच्याच नावानं न थोपटण्याची शिकवण दिली जात होती. मी तिसऱ्या रांगेत खाली मान घालून बसलो होतो. तिथेही उठलो नाही.

मात्र घरी गेल्यावर जेवण गेलं नाही. आठ दिवसांनी मेजरांच्या पत्नीकडे, सुमनकाकींकडे गेलो. काकी मेजरांचे शर्ट वाटायला काढत होत्या. प्रत्येक शर्टाची उजवी बगल उसवून त्यांनी त्यात कापडाची रुंद पट्टी शिवलेली, हात वर न करता बाही चढावी म्हणून. मी दारातच बसलो आणि सांगितलं. धाब्यावरचं, बरगडीवरचं, टेंपोतलं, खाटेपाशी बोललो तेही. पहिल्यांदाच सांगत होतो, त्यामुळे पुढचं मागं झालं, दोनदा सांगितलं.

काकींनी हातातला शर्ट मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "म्हंजे मी त्यांना उगाच बोलत आले." मग म्हणाल्या, "रोज बोलायची रं मी. शर्ट घालताना बोलायची. जगाला शिकवता अन् स्वतःला धड थोपटता नाय आलं म्हणायची. ते हसायचे." काकींनी मांडीवरच्या शर्टाची पट्टी बोटानं सरळ केली. त्या म्हणाल्या, "तुला सांगते. जेवण झालं की बसल्या बसल्या डाव्या हातानं मांडीवर थोपटून बघायचे. कधी हळू, कधी जोरात. मी विचारायची, काय करताय. तर म्हणायचे, एवढं हळू कसं थोपटलं असंल मी, की रफीकसारख्या पोराला कळू नये…"

मी रडलो. काकी रडल्या नाहीत. पाणी आणून दिलं, आणि मी पेला खाली ठेवेपर्यंत उभ्या राहिल्या. "माझी माफी मागू नको," त्या म्हणाल्या. "मला द्यायची का नाय ते मला आजच काय कळत नाय. पण इथं दारात बसून सांगितलंस त्यानं पोरांचे हात वाचत नाय."

म्हणून हे लिहिलं. पेपरात छापून आल्यावर मला मागं फिरता येणार नाही, एवढाच हिशेब होता. पण शेडमधली बरीच पोरं पेपर वाचत नाहीत, आणि लिहिणं म्हणजे त्यांच्या समोर उभं राहणं नव्हे, हे मला कळतं. निलेशच्या डोळ्यांत बघून, त्याच्या पोरांसमोर, मेजरनी वेळेवर थोपटलं आणि मी सोडलं नाही, हे सांगणं माझ्याकडे बाकी आहे. ते मी अजून केलेलं नाही.